होडी घ्यायची, तर कोणती?

त्या शनिवारी मंडईत माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "जरा लवकर दे गं, आम्हाला होडी बघायला जायचंय." नेहमीची भाजीवाली मेथीची जुडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "होडी? अन् ती कशाला, ताई? मुठेला पाणी कुठंय?"

मैत्रिणींनो, तुम्हालाही हसू आलं असेल. आम्ही मंडईच्या मागच्या गल्लीत राहणारी माणसं. आमच्या घरात स्कूटर ठेवायला जागा नाही, तिथे होडी म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. पण होडी घेतली खरी. ती घेताना मी जे शिकले ते सांगावंसं वाटतं. हे शिडाच्या होडीचं वेड हल्ली बऱ्याच घरांत शिरलं आहे, आणि घरात कुणी ते वेड आणलं की निर्णय 'ह्यां'च्यावर सोपवून आपण मोकळ्या होतो. मीही तेच करणार होते.

आमचे हे तीन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका मित्राबरोबर खडकवासल्याला शिडाची होडी चालवायला शिकले. हे पाणी पुणेकरांच्या पिण्याचं. वाटेल त्याने वाटेल तिथे उतरावं असं नाही, क्लबातर्फेच जायचं. पलीकडच्या काठाला एनडीए. तिथले कॅडेट पीकॉक बेमध्ये होड्या चालवायला शिकतात, ते दुरून बघायला फार छान वाटतं. आता 'दुरून' म्हणाले, कारण पहिली दोन वर्षं माझं काम तेवढंच होतं. रविवारी पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, काठावर सतरंजी पसरून बसायचं. हे पाण्यात, लेक पाण्याशी, आणि मी डब्यांशी!

मग एक दिवस हे म्हणाले, "स्वतःची होडी घ्यायची. फायरबॉल." पैसे कुठून? तर माझ्या मुदत ठेवीतून. शाळेतल्या माझ्या अर्धवेळ नोकरीतून सहा वर्षं साठवलेले ते पैसे स्वयंपाकघराचा ओटा नवा करायला ठेवले होते. मी काही बोलले नाही. पण सासूबाई बोलल्या.

सासूबाईंचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, खडकवासल्याचाही बांध टिकला नाही, आणि पूर शहरात शिरला. आई तेव्हा सहा वर्षांच्या. घराची एक भिंत तेवढी उभी राहिली होती, असं त्या सांगतात. त्या म्हणाल्या, "ज्या पाण्याने आमचं घर नेलं, त्याच्यावर तुम्ही खेळायला जाता ते जा. पण नातीला नेऊ नका." यावर काय उत्तर द्यायचं? खडकवासल्याचं धरण पुढे दुरुस्त झालं, होडीत लाइफ जॅकेट असतं, हे सगळं आम्ही सांगितलं. पण अशी भीती हिशेबाने जात नाही.

तेव्हाच मी ठरवलं, की पैसे माझे, तर होडी मी बघणार.

त्याआधी यांच्या हट्टासाठी एका ओळखीच्यांच्या फायरबॉलमध्ये बसून पाहिलं. होडी देखणी, यात शंका नाही. सोळा फुटांहून थोडी लांब, सपाट, चाकूसारखी. १९६२ साली पीटर मिल्न यांनी ती आखली. आणि यांच्या डोक्यात ती का बसली तेही सांगते. १९८२च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या होत्या, आणि फरोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉलमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. लहानपणी घरात ऐकलेली अशी गोष्ट माणूस विसरत नाही. पण या होडीत पुढे बसणाऱ्याला 'ट्रॅपीझ'वर जावं लागतं. म्हणजे कमरेला पट्टा बांधायचा, डोलकाठीवरून आलेल्या तारेला त्याचा आकडा अडकवायचा, पाय होडीच्या कडेला रोवायचे आणि सगळं अंग पाण्यावर बाहेर टाकायचं. सुकाणू यांच्याकडे असणार हे धरलेलंच होतं. तेव्हा बाहेर लटकणार कोण? पाच फूट उंचीची, चोपन्न किलोंची, जेमतेम पोहायला शिकलेली मी!

वाऱ्याचा एक झोत आला, आम्ही उलटलो. मला लागलं नाही, पण शिडाखाली गेले, आणि दोन क्षण वर सगळं पांढरं दिसलं. बाहेर आल्यावर मी रडले. हे म्हणाले, "सवय होईल." झाली असती कदाचित. पण दर रविवारी ज्या गोष्टीची भीती वाटते तिची सवय करून घ्यायला मी माझा ओटा का द्यावा?

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की होडी बघायला जाण्याआधी घरी कागद घेऊन बसा आणि तीन गोष्टी लिहा. होडीत कोण कोण बसणार, त्यांची वजनं किती, आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त भीती कुणाला वाटते. होडी त्या भिणाऱ्या माणसाच्या मापाने घ्यायची. धीट माणूस कुठल्याही होडीत रमतो. भित्रं माणूस एकदा काठावर जाऊन बसलं, की होडीसुद्धा वर्षभरात ताडपत्रीखाली जाते. आमच्या क्लबात अशा दोन आहेत. दोन्ही देखण्या, दोन्ही वेगवान, आणि दोन्हींवर कबुतरं बसतात.

दुसरं, तुमच्या पाण्यावर इतर लोक कुठली होडी चालवतात ते बघा. पुस्तकात कितीही चांगली होडी असली तरी क्लबात तशी एकटीच असेल तर शर्यत कुणाशी लावणार? सुटे भाग कुणाकडे मागणार? आपल्याला अडलं तर सांगणार कोण?

आता होड्यांविषयी. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती केली. पावणेआठ फूट लांब, पस्तीस किलो वजनाची, एकच शीड, दिसायला पेटीसारखी. मूल एकटं बसतं आणि एकटं शिकतं. जगातली बहुतेक मोठी खेळाडू मंडळी यातूनच गेली आहेत. पण वयाच्या पंधराव्या वर्षानंतर तिच्या शर्यतीत बसता येत नाही, आणि उंच मुलं त्याआधीच तिच्यात मावेनाशी होतात. आमची लेक अकरा वर्षांची, अंगाने थोराड. दोन-तीन वर्षांसाठी ऑप्टिमिस्ट विकत घेणं म्हणजे वाढत्या अंगाच्या मुलीला भारी रेशमी परकर शिवणं. क्लबाची होती, तीच वापरली.

मग लेझर. आता शर्यतीत तिला आयएलसीए म्हणतात. १९७१च्या सुमाराला बाजारात आली, आणि १९९६पासून ऑलिंपिकमध्ये आहे. चौदा फुटांना थोडी कमी, सांगाडा एकोणसाठ किलोंचा. तिची एक गंमत मला फार आवडली. होडी एकच, पण शिडं तीन मापांची. लहान शीड मुलीला, मधलं आपल्याला, मोठं यांना. डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदललं, की झालं. आपल्या मुलींनी यात नाव काढलं आहे. चेन्नईची नेत्रा कुमनन २०२१ साली टोकियो ऑलिंपिकला गेली, तिथे पोचलेली ती पहिली भारतीय महिला शिडपटू. तिची होडी हीच, मधल्या शिडाची. मध्य प्रदेशातल्या देवासच्या नेहा ठाकूरने २०२३च्या हांगझो एशियाडमध्ये लहान शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. हे वाचून मी जवळजवळ लेझरच घेतली होती. पण ती एकट्याची होडी. एक जण पाण्यात, बाकीचे काठावर. म्हणजे पुन्हा सतरंजी आली!

इंग्लंडात मिरर नावाची होडी १९६०च्या दशकात निघाली, तिचं मला फार कौतुक वाटतं. लोकांनी ती घरीच बांधायची. प्लायवुडचे कापलेले तुकडे खोक्यातून यायचे. ते तांब्याच्या तारेच्या टाक्यांनी एकमेकांना शिवायचे आणि वरून फायबरग्लासची पट्टी व राळ लावून पक्के करायचे. सत्तर हजारांवर झाल्या म्हणतात. आई, बाप आणि एक मूल तिच्यात मावतं. जीपी १४ ही १९४९ची, चौदा फुटी. पोट रुंद, सांगाडा १३३ किलोंचा, म्हणून स्थिर. भिणाऱ्यांना उत्तम, पण काठावरून ओढायला माणसं लागतात, आणि मंद वाऱ्यात जरा आळशी वाटते.

आम्ही घेतली ती एंटरप्राइज. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली. जीपी १४ त्यांचीच, आणि मिररमध्येही त्यांचा हात होता. सव्वातेरा फूट लांब, वजन नव्वद किलोंच्या आसपास, दोन माणसांची. दोन शिडं, निळी. ट्रॅपीझ नाही, पुढे फुगणारं ते फुग्यासारखं तिसरं शीडही नाही. म्हणजे दोऱ्या कमी, गोंधळ कमी. होडीच्या मानाने शिडं मोठी, म्हणून डोंगरांच्या आडोशाने जिथे वारा कधी असतो कधी नसतो, अशा धरणाच्या पाण्यावर ती चांगली चालते. दोघांचं मिळून वजन सव्वाशे ते एकशे चाळीस किलोंच्या घरात असलं की झालं. आम्ही दोघं एकशे सव्वीस!

आणि खरं कारण निराळंच आहे. त्याच १९८२च्या एशियाडमध्ये, मुंबईच्याच पाण्यावर, एंटरप्राइजचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आणि गोशपी आवारी यांना मिळालं. नवराबायको! हे मला क्लबातल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं. घरी येऊन मी यांना म्हटलं, "अहो, तुमच्या फायरबॉलच्या त्याच स्पर्धेत एक बाई नवऱ्याबरोबर सुवर्णपदक घेऊन गेली, आणि ते तुम्ही मला तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत." हे म्हणाले, "मला माहीतच नव्हतं." असेल.

एंटरप्राइजचे दोष सांगितलेच पाहिजेत. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, फार खाली असतो. होडी वळताना डोकं वाकवलं नाही तर टेंगूळ ठरलेलं. जोराचा वारा मागून असला, की ती डोलायला लागते आणि नवशिक्यांना उलटवते. जुन्या बनावटीची असेल, तर उलटून सरळ केल्यावर पाण्याने भरून वर येते. मग बादलीने उपसत बसा. नव्या बनावटीच्या होड्यांत हवेच्या बंद टाक्या जास्त असतात, त्या बऱ्याच कोरड्या वर येतात.

जुनी होडी विकत घेताना मात्र आपल्या मंडईतल्या सवयी कामाला येतात. पहिली होडी आम्ही बघितली ती नुकता रंग दिलेली, आरशासारखी. विकणारे गृहस्थ गोड बोलणारे. आमचे हे तिथेच हरखले. मी कलिंगड वाजवून बघावं तशी बोटाच्या पेराने होडी वाजवत गेले. सगळीकडे टणटण; पण डोलकाठीच्या बुडाशी आवाज बद्द झाला. अंगठ्याने दाबलं तर जागा दबली. मग हवेच्या टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. ते म्हणाले, "घट्ट बसलंय." म्हटलं, उघडा. आत तांब्याभर पाणी! नवा रंग दिसला की आधी त्याच्याखाली काय आहे ते विचारा, हे मी तेव्हा शिकले.

शीड हातात घेऊन चुरगाळून बघा. ते टेरिलीनसारख्या कापडाचं असतं. चांगलं असेल तर कुरकुरतं, कडक खळ दिल्यासारखं. जुनं झालं की धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साडीसारखं होतं. अंगाला बरं, शिडाला वाईट. नव्या शिडाची किंमत विचारून ठेवा आणि मगच घासाघीस करा. डोलकाठी आडवी धरून एका टोकाकडून नजर लावा, बाक आहे का बघा. तिला धरणाऱ्या तारांवरून जुना रुमाल फिरवा. तो कुठे अडकला तर तिथे तारेचा एक पदर तुटलेला आहे, आणि ती तार बदलून घ्यायलाच हवी. हाताने फिरवू नका, मी फिरवला होता. होडीच्या पोटातून जी फळी पाण्यात खाली जाते तिला सेंटरबोर्ड म्हणतात. तिची पेटी गळते का हे बघायला आत दोन बादल्या पाणी ओता आणि खाली बसून पाहा. मापाचा दाखला मागा, त्याशिवाय त्या जातीच्या शर्यतीत घेत नाहीत. आणि ट्रॉली, ताडपत्री, सुकाणू सगळं त्याच किमतीत आहे ना, हे आधी वदवून घ्या.

तिसऱ्या खेपेला मनासारखी मिळाली. रंग फिका, एका बाजूला ओरखडा, पण टाक्या कोरड्या. दोन कुटुंबांत मिळून घेतली. यांचे मित्र आणि वहिनी एक रविवार, आम्ही एक रविवार. त्यामुळे निम्मी ठेव तरी वाचली.

मग आईंना घेऊन गेलो. त्यांना नुसतं सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. ह्यांनी आणि मी काठापासून थोड्या अंतरावर, सगळ्यांसमोर, मुद्दाम होडी उलटवली. क्लबाची बचाव-बोट शेजारीच होती. उलटल्यावर होडी सोडायची नाही, काठाकडे पोहत सुटायचं नाही. ती तरंगत असते, तिला धरून राहायचं. एकाने फिरून सेंटरबोर्डवर उभं राहायचं आणि कड धरून मागे रेलायचं. हळूहळू शीड पाण्यातून वर येतं. वर्षभराच्या सरावाने मला ते जमायला लागलं होतं. होडी सरळ झाली, आम्ही चढलो, पाणी उपसलं. आई सतरंजीवर बसून बघत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परत करून दाखवा." आम्ही परत केलं. नातीबद्दल त्या दिवशी त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पुढच्या वेळी लाइफ जॅकेट मात्र त्यांनीच तपासलं. खांद्यांना धरून वर ओढायचं. कानांवर गेलं तर सैल आहे. मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या.

कपड्यांचं म्हणाल तर साडी नाही, ओढणी नाही. सलवारीचा घेर दोरीत अडकतो. साधी पॅंट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पकड असलेले कापडी बूट, चष्म्याला दोरी. मंगळसूत्र मी घरी ठेवते. यावरून आमच्याकडे थोडी चर्चा झाली, पण जॅकेटच्या बकलात ते एकदा अडकलेलं आईंनीच सोडवलं होतं, म्हणून फार वाढली नाही.

शर्यतीचं थोडक्यात सांगते. ज्या होडीला वारा उजवीकडून लागतो तिला वाट द्यायची, हा पहिला नियम. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र असल्या तर प्रत्येकीला एक आकडा दिलेला असतो. लागलेल्या वेळाला त्याने भागून हजाराने गुणायचं. ढोबळमानाने एंटरप्राइजचा ११२०, मिररचा १३९० धरा. एंटरप्राइजला ५६ मिनिटं आणि मिररला साडेएकोणसत्तर मिनिटं लागली, तर दोघींचा हिशेब पन्नास मिनिटंच येतो, बरोबरी! म्हणजे लहान होडी घेतली म्हणून शर्यत हुकत नाही. पण एकाच जातीच्या चार होड्या असल्या तर त्याची मजा निराळी. पुढे कोण ते डोळ्यांनी दिसतं.

पहिल्या शर्यतीत सुकाणू माझ्याकडे होतं. हे वजनाने जास्त, हाताला जोर जास्त, म्हणून पुढच्या शिडाची दोरी यांनी धरायची आणि कडेवरून बाहेर रेलायचं, हे क्लबातल्या सगळ्यांनीच सुचवलं. यांना ते पचायला दोन रविवार लागले. होडीत आमचा एकच नियम आहे. हुकूम सुकाणूवाल्याचा, आणि सूचना काठावर आल्यावर. आम्ही शेवटून दुसरे आलो. खडकवासल्याला उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरतो, तेव्हा होडी एका कुशीवर झुकून धावायला लागते. तिथे माझ्या लक्षात आलं, की पंधरा मिनिटं मला भाजी, वह्या, गॅस यांतलं काही म्हणता काही आठवलेलं नाही.

शिडाची निगा आपल्याच हातची. सावलीत वाळवायचं, ओलं घडी करायचं नाही. इस्त्री नाही, वॉशिंग मशीन नाही. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने डाग पुसायचा. वाऱ्यात नुसतं फडफडत ठेवलं की कापड लवकर मरतं. लहानसा उसवा दिसला तर पॉलिएस्टरच्या दोऱ्याने नागमोडी टाका घाला, सुती दोरा कुजतो. दोऱ्या, कड्या, स्टीलचे स्क्रू आम्हाला बोहरी आळीत मिळाले, दुकानदाराने "कशाला हवंय?" विचारलं, तेव्हा होडीसाठी म्हणून सांगायची मला आता लाज वाटत नाही. स्क्रू मात्र लोखंडी घेऊ नका.

लेक आता पुढच्या शिडाच्या दोरीवर बसते, आणि गेल्या महिन्यापासून तिला लेझर हवी आहे. आई दर रविवारी येतात, सतरंजी त्यांचीच असते, आणि निळं शीड वळणापलीकडे गेलं की त्या उभ्या राहतात. ओट्याचं काम दिवाळीनंतर बघू, असं आमचे हे म्हणतात. कुठल्या दिवाळीनंतर, ते मी अजून विचारलेलं नाही.